सतराची बेरीज

मच्छिंद्र बहारीनच्या बँकेत लागला त्याला आता तिसरं वर्ष चालू होतं. सोनईच्या सूर्यभान गुरुजींचा हा एकुलता मुलगा. पहिल्याच वर्षी त्याच्या आईनं, छबूबाईंनी, गुरुजींना गळ घालून त्याला तार करवली: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघ. पोरगा साहेबाच्या विनवण्या करून आला, तर आई चुलीपुढं पुरण शिजवत बसलेली आणि ओसरीवर मुलीकडचे पाहुणे.

"मेल्याबिगर लेक येत न्हाई म्हनल्यावर काय करू मी?" छबूबाई म्हणाल्या.

तो त्या मुलीकडे न बघताच परत निघाला. सोडायला आलेल्या गुरुजींना एसटी स्टँडवर म्हणाला, "आबा, बँकेला तारेनं निरोप येतो ना, त्यात तारखेवरून काढलेला एक आकडा असतो. जुळला तर तार खरी. नाहीतर खाली नाव कुणाचंही असो, खोटी. आपणही तसंच करू. त्या दिवसाच्या तारखेत सतरा मिळवायचे आणि शेवटी लिहायचं. आईला सांगू नका."

"म्हणजे बापाचीही परीक्षा का रे?"

"बापाची नाही आबा, तारेची."

त्या फुकटच्या खेपेपायी त्याची बढती दुसऱ्याला गेली. ती मिळाली गेल्या दिवाळीत. लाखो रुपयांची एक तार सगळ्यांच्या हाताखालून गेली होती. यानं बेरीज केली, तर आकडा दोनानं चुकत होता. तार खोटी निघाली आणि मच्छिंद्र ऑफिसर झाला. ते पत्र गुरुजींनी अर्ध्या गावाला वाचून दाखवलं. "फक्त दोनानं हं," असं दर वेळी न चुकता म्हणत.

फेब्रुवारीच्या सहा तारखेला, मंगळवारी संध्याकाळी, गुरुजी अंगणातच कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शुद्ध आली तेव्हा उशाशी पुणतांब्याला दिलेली लेक राही बसली होती आणि बाहेर ऊन पडलं होतं. गुरुजींना वाटलं, रात्र सरली.

"लई घाबरवलं आबा तुमी," राही म्हणाली. "डॉक्टर म्हनले, मच्छिंदरला बोलवून घ्या. तार लिहून आणलीय, आता टाकते."

गुरुजींनी डावा हात हलवला. कागद दिला, पेन्सिल धरवेना. शेवटी राहीनं तिच्या पोराची पाटी आणली आणि त्यांच्या बोटांत खडू दिला. काल सहा, म्हणजे आज सात. सात आणि सतरा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना बेरजा शिकवलेल्या माणसाला घाम फुटला, पण चोवीस उमटले. मग त्यांनी बोट पाटीवर ठेवलं, मग तारेच्या कागदावर, पुन्हा पाटीवर. तिसऱ्या खेपेला राहीला उमगलं.

ती परत आली तेव्हा सांगत होती, "पोस्टमास्तर म्हनला, आकडा कशापायी? उगं पैसं पडतील. मी म्हनलं, आबांनी लिहिलाय, ऱ्हाऊ द्या."

गुरुजींनी डोळे मिटले. लेक येणार होता. ते दिवस मोजू लागले.

सोमवारी पोस्टमन बाबाजान आले. तार इंग्रजीत होती, त्यांनीच ती उंबऱ्यात उभं राहून समजावून सांगितली. "लिवलंय, आकडा जुळत न्हाई. आबांकडून बरोबर आकडा घेऊन कळवा. आई, पुन्हा असं करू नकोस."

छबूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "आकडा? मला काय ठावं बया आकडा? तारबी म्या न्हाई केली."

"किती तारखेला टाकली होती?" बाबाजाननी विचारलं.

"नऊला, शुक्रवारी," राही म्हणाली. "आबा दोन दिस बेसुद हुते, शुद्ध आली तशी मी तार टाकाया गेले."

नऊ आणि सतरा, सव्वीस. गुरुजींनी छताकडं बघत बेरीज केली. दोनानं चुकली होती. पोरगं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर्गाला उभं करून सांगितलंही असतं.

राही त्यांच्या तोंडाकडं बघत होती. काय ते तिला पुरतं कळलं नव्हतं, पण पाटी तिनं आणली. भिंतीवरची दिनदर्शिका काढून त्यांच्या डोळ्यांपुढं धरली आणि आजच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"आज बारा हाय, आबा. नीट लिवा. मी पळत जाते."

बारा आणि सतरा. गुरुजींना आकडा लख्ख दिसत होता. त्यांनी दोन काढला. शेपूट लांबत पाटीच्या कडेपर्यंत गेली आणि खडू खाली पडला.

राहीनं तो उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा त्यांच्या बोटांत ठेवला.

बोटं मिटली नाहीत.