दुधी बर्फ

ॲन्सेल्मनं एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात काढली. कळंबच्या मासेमारीच्या होड्यांना त्याच्या हातचा बर्फ जायचा. पोरगी ॲनिशा बर्फावर लेझर मारायची नोकरी करते हे कळल्यावर तो म्हणाला होता, "आम्ही गोठवायचा, तुम्ही उडवायचा. बरं आहे."

लूर्डस, त्याची बायको, ईस्टरआधीच्या उपवासकाळात गेली. तेव्हापासून रोज दुपारी तोच पापडीहून वसई पूर्वेला लेकीच्या कामाच्या गाळ्यात तिचा डबा आणायचा.

"आज मीठ घातलंय का, पप्पा?"

"घातलंय. कालचंही आजच घातलंय."

पण त्या शुक्रवारी ॲनिशा हसली नाही. विजेचा प्रवाह वाहून नेणारं निळं पॉलिमर पाण्यात कालवायचं, वाटीत गोठवायचं आणि बंद डब्यातली हवा काढून त्या बर्फावर लेझर मारायचा, हे तिचं काम. पाणी उडून जातं आणि पॉलिमर समोरच्या काचेवर बसतं. केसाहून पातळ थर. तीन आठवडे तो थर गुठळ्या गुठळ्यांचा येत होता. संध्याकाळपर्यंत गुळगुळीत आला नाही, तर मालक संकेत हे काम बंद करून तिला पुन्हा पॅकिंगला बसवणार होता.

"लेझरच बिघडलाय," ती म्हणाली.

"बर्फ दाखव."

"पप्पा, हा मासळीचा बर्फ नाही."

"मीही मासळी नाही. दाखव."

त्यानं वाटीवर बॅटरी तिरकी धरली. निळ्यात पांढरे ठिपके.

"हा दुधी बर्फ झाला, बाय. आत हवा अडकलीय. लेझर तिथं लागला की ढेकळं उडणार. तुझा लेझर शहाणा आहे, बर्फ अडाणी आहे."

"मग काय करायचं?"

"कारखान्यात आम्ही नळीनं वारा सोडायचो. पाणी हलत राहतं, बर्फ काचेसारखा होतो."

तिनं नळी सोडली. अर्ध्या मिनिटात वाटीतून निळा फेस वर आला आणि टेबलावर सांडला.

"एकतीस वर्षं!" ॲनिशा म्हणाली.

ॲन्सेल्मनं खाली पाहिलं. डबा बांधून आणलेला लूर्डसचा टॉवेल त्याच्या मांडीवर होता. नाताळात ती नारळपाण्याची आइसकँडी लावायची, तेव्हा तो दर वर्षी तिला वाऱ्याच्या नळीचं व्याख्यान द्यायचा. ती ऐकायचीच नाही. ओट्यावर टॉवेल पसरायची, त्यावर भांडं हलकेच आपटायची आणि जपमाळेवर एक रोझरी म्हणून होईपर्यंत तसंच ठेवून द्यायची. तो हसायचा. कँडी मात्र कधी दुधी झाली नाही.

त्यानं टॉवेल टेबलावर पसरला. "नवीन वाटी भर. हळू आपट. तुझी मम्मी आपटायची तशी."

टप, टप, टप. बारीक बुडबुडे वर आले आणि फुटले. मग ॲन्सेल्म खिशात हात घालून पुटपुटत बसला.

"पप्पा, प्रार्थना करताय की वेळ मोजताय?"

"दोन्ही. मध्ये बोलू नको, मणी चुकतो."

त्याची रोझरी संपल्यावर तिनं वाटी गोठवली. ठिपके नव्हते. लेझर तासभर टकटकत राहिला. काच बाहेर आली, तिच्यावर फिकट निळी झाक होती. ॲनिशानं बोट लावायचा मोह आवरला आणि मीटरच्या दोन्ही टोकांनी थराला स्पर्श केला. मीटर वाजला, थरातून वीज वाहत होती. दुसऱ्या कोपऱ्यात लावला, तिथंही वाजला.

संकेतनं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "सोमवारी अशा दहा काचा काढा. आणि कृती नीट लिहून ठेवा. गोठवायच्या आधी वाटी किती वेळ ठेवली?"

ॲनिशानं वडिलांकडे पाहिलं.

"एक रोझरी," ॲन्सेल्म म्हणाला.

"मिनिटांत सांगा, अंकल."

"मी म्हटली तर पंधरा. घाई असते मला." तो टॉवेलची घडी घालायला लागला. निळा डाग पडला होता, तो त्यानं आत दुमडला. "लूर्डस म्हणायची तेव्हा पंचवीस लागायची."

ॲनिशानं पंचवीस लिहिलं.