सागवानी पायातलं विष

सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत रांग लागली होती. रांगेत लंगडणारे होते, काठी टेकणारे होते, आणि ‘एवढी गर्दी आहे म्हणजे काहीतरी असेलच’ म्हणून आलेले ठणठणीत लोकही होते.

मंचावर गरम पाण्याने भरलेलं घमेलं, शेजारी लाल कापडात गुंडाळलेली ‘शक्तिपेटी’ आणि खुर्चीत, घमेल्यात पाय सोडून, एक शिक्षिका. पायातून विष उतरवून देणाऱ्या महाराजांनी तिच्या गुडघ्यांपासून घमेल्यापर्यंत चादर पसरली, पाण्यात मूठभर पांढरी पूड सोडली आणि डोळे मिटले.

“चादरीखाली कुणी डोकवायचं नाही! विष नजरेला चढतं. मी स्वतः बघत नाही, तिथं तुमची काय कथा!”

थोड्या वेळाने चादर सरली. पाणी विटकरी झालेलं, वर फेस.

“हे बघा! हे तुमच्या रक्तात फिरत होतं!”

“अगंबाई!” शिक्षिकेने तोंडाला पदर लावला. टाळ्या पडल्या.

दवाखान्यातल्या नर्सबाई मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. ड्यूटी संपवून त्या तशाच पांढऱ्या साडीत आल्या होत्या, कारण रांगेत त्यांची आत्या होती. आईमागे ज्या आत्याने त्यांना वाढवलं, शिकवलं, तीच. आत्याला जुना मधुमेह होता आणि अंगठ्याला बरी न होणारी जखम. इतके दिवस नर्सबाई सकाळी काचेची सिरिंज उकळून इन्सुलिन देत, मग पाय मांडीवर घेऊन पट्टी करत. महाराज गावात आले आणि आत्याने दोन्ही बंद केलं.

“तू इतकी वर्षं पट्ट्या बांधल्यास,” घरी आल्यावर आत्या म्हणाली, “थेंबभर तरी विष काढलंस का? त्यांनी घमेलंभर काढलं!”

“बरं बाई, मी हरले. पाय तर दाखव.”

नर्सबाईंनी पाय मांडीवर घेतला. तळव्यावर मोठा फोड आला होता.

“आत्या, पाणी कडकडीत होतं का गं?”

“नाही बाई. मला तर काहीच लागलं नाही.”

भीती त्याचीच होती. या दुखण्यात पायाची जाणीव जाते. पाय भाजला तरी माणूस हसत बसतो. एवढ्यात पट्टी आणि इन्सुलिन सुरू झालं नाही, तर आधी बोट जाईल, मग पाऊल.

भांडून काही उपयोग नव्हता. आत्याचा हट्ट त्यांना लहानपणापासून माहीत होता. त्या निमूट आत्याचे कपडे भिजवायला बसल्या आणि परकराच्या काठाशी हात थबकला. विटकरी डाग. वॉर्डातल्या चादरींवरचा रक्ताचा डाग, पुवाचा डाग, आयोडिनचा डाग, सगळ्यांशी त्यांची जुनी ओळख. हा यातला कुठलाच नव्हता. जुन्या लोखंडी खाटांचा रंग उडाला की चादरींना लागतो, तो हा डाग. त्यांनी त्यावर लिंबू पिळलं. डाग फिका पडू लागला. गंज!

“रक्तातून गंज कसा निघेल?” त्या स्वतःशीच हसल्या आणि तडक सुतारकाकांकडे गेल्या.

सुतारकाकांचा डावा पाय सागवानी होता, स्वतःच्या हाताने घडवलेला. सगळं ऐकून त्यांनी रंधा खाली ठेवला. “पोरी, या पायाला विष उतरवायची फार दिवसांची हौस आहे बघ!”

दुसऱ्या दिवशी काका लांब पायघोळ लेंगा घालून रांगेत. पुढच्याच ओळीत आत्या. काका खुर्चीत बसले, चादर स्वतःच ओढून घेतली आणि खालून लेंगा वर करत म्हणाले, “महाराज, डाव्या पायातच विष फार आहे. तोच सोडतो.”

“सोडा, सोडा! दिसतंच आहे चेहऱ्यावर. फार जुनं विष!”

महाराजांनी पूड टाकली, डोळे मिटले. पाण्यात बुडबुडे आले. नेहमीच्या थाटात, लोकांकडे बघतच त्यांनी चादर उचलली.

“पाहा, किती घाण साठली होती या गरीब जिवाच्या हाडात!”

“हाडात नव्हे महाराज, लाकडात.” काकांनी पाय घमेल्यातून काढला आणि टकटक वाजवला. “अस्सल सागवान. याला कधी सर्दीसुद्धा झाली नाही!”

सभागृहात असा हशा उसळला की शिक्षिकेला खुर्ची धरावी लागली. महाराज पुटपुटले, “लाकडालाही आत्मा असतो...”

“मग आता त्या आत्म्याला पाण्याबाहेर बसू दे,” म्हणत नर्सबाई मंचावर चढल्या. त्यांनी घमेलं रिकामं केलं, साधं पाणी भरलं, पूड जिभेला लावली. “मीठ आहे,” म्हणत त्यांनी मूठभर पाण्यात सोडलं. घमेल्याच्या आतल्या कडेला चिकटवलेल्या दोन लोखंडी पट्ट्या त्यांनी सगळ्यांना दाखवल्या, मग लाल कापड ओढलं. आत मोटारीची बॅटरी, तिच्या तारा थेट त्या पट्ट्यांना जोडलेल्या!

“खाऱ्या पाण्यातून वीज गेली की लोखंड झपाट्याने गंजतं. आता बघा, पाण्यात कुणाचाच पाय नाही.”

पाणी पिवळं झालं, मग विटकरी. सगळे वाकून बघत होते. कुणाच्या नजरेला काही चढलं नाही. तेवढ्यात महाराज मागच्या दाराने, पेटी तशीच टाकून, पसार.

आत्या मात्र हसली नव्हती. काका तिच्याशेजारी येऊन बसले.

“ताई, माझंही एका बोटापासूनच सुरू झालं होतं. मी अंगारा लावत बसलो. मला असली भाची नव्हती.”

आत्याने त्या ओल्या लाकडाला बोट लावून पाहिलं. मग पाय पुढे करून म्हणाली, “चल गं घरी. सुई टोचायची ती टोच. पण आज हळू टोच हं, कालचा राग काढू नकोस!”

फोड भरायला वेळ लागला, अंगठ्याने तर फारच छळलं. पण पाऊल वाचलं. आत्या पुढे कितीतरी वर्षं बाजारात त्याच पावलांनी, भाव पाडत फिरली.

दुखणं कुणालाही येतं, आणि दुखणाऱ्याला आशा चटकन पटते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कुणी चमत्कार दाखवला, तर ‘बघू नका’ म्हणतो तिथेच आधी बघा. घमेल्यातून पाय काढून घ्या आणि पाण्याचा रंग तरीही बदलतो का, ते विचारा. आणि औषध थांबवू नका. शंका असली तर ती डॉक्टरांना विचारा, नर्सला विचारा. विचारल्याने त्यांना राग येत नाही, आणि आला तरी तुमचा पाय शाबूत राहतो.