उजेडाची कैफियत

हातोडा टेबलावर ठेवल्यापासून खोलीत कोणी बोललं नव्हतं. दाव्याच्या कागदांवर तो आडवा पडला होता, मुठीला जुन्या कापडाची पट्टी गुंडाळलेला. त्याच्या पलीकडे बसलेली भावंडं समोरासमोरच्या दोन भिंती न्याहाळत होती. वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. अशिलांचं मौन त्यांना नवं नव्हतं. पण हे मौन भीतीचं नव्हतं. ते कोणीतरी कोणावर तरी धरलेलं होतं, आणि बऱ्याच दिवसांपासून धरलेलं होतं.

"नाकबूल लिहा ना," अखेर धाकटा म्हणाला. "सगळ्यालाच नाकबूल."

ताई आणि तिचा हा धाकटा भाऊ मिळून रफूचं दुकान चालवत. फाटलेला कोट ते असा परत करत की खुद्द मालकालाही जखमेची जागा सापडू नये. दुकानाला खिडकी एकच. शेजारच्या गोदामवाल्याने तिच्यापासून हातभर अंतरावर भिंत चढवली आणि दुकानात भरदुपारी संध्याकाळ झाली. ताईने विनंत्या केल्या, अर्ज दिले, गोदामाच्या पायऱ्या झिजवल्या. मग एका सकाळी ती स्टुलावर चढली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि भिंतीचे वरचे थर खाली पाडले. आता गोदामवाल्याला नुकसानभरपाई हवी होती, आणि तिने पुन्हा भिंतीला हात लावू नये म्हणून कायमची मनाईही हवी होती.

पाडलेली भिंत नाकबूल कशी करायची, असं वकीलबाईंनी विचारलं तेव्हा धाकट्याने मोबाईल पुढे सरकवला. फोटोत भिंत अखंड होती. वकीलबाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, डोळ्यांजवळ नेला. एकही सांधा नवा दिसेना. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. भिंत जागच्या जागी उभी आहे, कोर्टाने हवं तर माणूस पाठवून खात्री करावी.

मोह झाला, नाही असं नाही. कैफियत, म्हणजे दाव्याला द्यायचं लेखी उत्तर, एका पानात आटोपली असती. पण नात्यातले दोन अशील एकत्र आले की एकाला बाहेर बसवायचं, ही वकीलबाईंची जुनी शिस्त होती. घरच्यांत एक जण बोलतो आणि दुसऱ्याचं सत्य त्या बोलण्यात विरघळून जातं. त्यांनी धाकट्याला बाहेरच्या बाकावर धाडलं, हातोडा बाजूला केला आणि दाव्यातला एकेक परिच्छेद ताईला वाचून दाखवायला घेतला. प्रत्येकाला उत्तर द्यायचं होतं: मान्य, नाकबूल किंवा माहीत नाही.

भिंत पाडल्याच्या परिच्छेदाशी ताईने त्यांना थांबवलं.

"हातोडा माझा, हात माझा. इथे मान्य लिहा. मोठ्या अक्षरात."

"कैफियतीत सगळी अक्षरं सारखीच असतात हो."

"मग दाबून लिहा."

आणि फोटोतली भिंत? ताई हसली, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. ती कपडे पोचवायला बाहेर गेली असताना धाकट्याने दाव्याच्या भीतीपोटी विटा पुन्हा रचल्या होत्या. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण आयुष्यभराची सवय. त्याने विटेची पूड, काजळी आणि चहाचं पाणी सिमेंटमध्ये कालवून जुन्याशी तंतोतंत रंग जुळवला. गोदामवाला स्वतः येऊन भिंतीवरून हात फिरवून गेला, तरी त्याला जागा सापडली नाही.

"दुसरा कोणी असता तर थापून मोकळा झाला असता," ताई म्हणाली. "एखादी फट तरी राहिली असती. ह्याने उजेडाला शिरायला केसाएवढी जागा ठेवली नाही. तेव्हापासून मी बोलत नाही त्याच्याशी."

वकीलबाईंनी तिला दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. पाडलीच नाही म्हटलं तर उजेडाचा प्रश्नच उरत नाही. भिंत राहते आणि अंधारही राहतो. पाडली म्हटलं तर कदाचित भरपाई गळ्यात पडेल, पण मग उलट मागणी करता येईल, की हा उजेड आमच्याकडे वर्षानुवर्षं विनातक्रार येत होता, तेव्हा आता तो अडवता येणार नाही. फक्त ते सांगणारं कोणीतरी हवं. खिडकी किती जुनी?

साल ताईला ठाऊक नव्हतं. खिडकीच्या कट्ट्यावरून धाकटा लहानपणी पडला होता, हनुवटीवर अजून खूण आहे, एवढं तिला आठवत होतं. सुई ओवायला तो त्याच कट्ट्यावर शिकला.

"म्हणजे तुमचा साक्षीदार बाहेर बाकावर बसलाय."

"घाबरट आहे तो."

"घाबरट माणूस शपथेलाही घाबरतो. मला असेच साक्षीदार आवडतात."

धाकटा आत आला, हातोड्याकडे न बघता बसला. जे खोटं आहे हे आता कळलंय ते मी लिहिणार नाही, असं वकीलबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने नेहमीची कारणं पुढे केली. गोदामवाला बडा माणूस, आपण किती पुरे पडणार; शिवाय भिंत आता नीट झालीय, मिटवून टाका.

"नीट कोणासाठी झालीय?" वकीलबाईंनी विचारलं.

तो हनुवटी चोळत राहिला. बोलला तेव्हा आवाज इतका खाली होता की वकीलबाईंना पुढे वाकावं लागलं.

"परवा तिने काळ्या कोटात निळा दोरा भरला. तिला दिसलाच नाही. ती जेवायला गेल्यावर मी उसवून पुन्हा भरला."

ताईने मान वळवली. खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच तिने भावाकडे पाहिलं. कापडाची वीण तपासावी तसं, सावकाश. चेहऱ्यावरची एक रेषही सैल झाली नाही.

"लिहा," धाकटा म्हणाला. "पाडली तिने. पुन्हा उभी केली मी, तिला न विचारता. खिडकी मला आठवतं तेव्हापासूनची आहे, आणि हे मी कुठेही उभा राहून सांगेन. गोदामवाल्याच्या तोंडावरसुद्धा."

वकीलबाईंनी ते त्याच शब्दांत उतरवून घेतलं. टिपणाखाली दोघांनी सह्या केल्या. ताईची सही इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. कोर्टाचा निर्णय येईपर्यंत विटेला कोणी बोट लावायचं नाही, अशी वकीलबाईंनी ताकीद दिली आणि दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. धाकट्याने मान डोलावली, ताईने नाही.

ताई उठली. टेबलावरचा हातोडा तिने उचलला, मुठीची सैल झालेली पट्टी पुन्हा घट्ट गुंडाळली आणि तो पिशवीत टाकला.

"ताई," धाकटा म्हणाला, "हातोडा कशाला घेतेस?"

तिने पिशवी खांद्याला लावली, दार उघडलं आणि जिना उतरू लागली.