फोटोवर बोट

“हं, दाबा,” वासंतीबाई म्हणाल्या.

दिगंबरराव मोबाइल दोन्ही हातांत धरून बघत राहिले. पडद्यावर दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. मधोमध एक चौकोन आणि त्यात वासंतीबाईंचा फोटो. नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि चेहरा असा, की भाजीवाल्याने मापात मारलंय आणि ते आत्ताच ध्यानात आलंय.

“या बाई कोण?” दिगंबररावांनी विचारलं.

“तुमची बायको.”

“काहीतरीच काय.” ते हसले. “माझी बायको एवढी म्हातारी कशी असेल?”

कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेली सून, ऋचा, फस्सकन हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला.

“हस, हस,” वासंतीबाई म्हणाल्या. “तूही म्हातारी होशीलच की.”

दिगंबरराव जन्मभर मार्केट यार्डात मालाचं वजन करणारे तोलणार होते. कुठल्या पोत्यात किती कांदा ते हात लावून सांगायचे. आता सकाळी जेवलो की नाही तेही सांगता येत नव्हतं. आणि पाय मात्र तरण्या पोरासारखे. डोळा चुकला की दाराबाहेर. गेल्या महिन्यात गंगाधामच्या चौकात सापडले, खिशात मोबाइल असून. त्यावर ऋचाने हा तोडगा काढला होता.

“आई, हे विजेट. नाव शोधायला नको, नंबर लावायला नको. फोटोवर बोट ठेवलं की डायरेक्ट तुम्हाला कॉल.”

“ते लावलंस कसं ते दाखव. तू ऑफिसला खराडीला गेलीस की मी कुणाच्या तोंडाकडे बघू?”

ऋचाने दाखवलं. रिकाम्या जागेवर बोट दाबून धरायचं. खाली ‘विजेट्स’ येतं. त्यातल्या यादीत कॉन्टॅक्ट्स, आणि त्यात फोनचं चित्र असलेला चौकोन. तो बोटाखाली धरून ओढत बाहेर आणायचा. कुणाचा नंबर ते विचारतं, ते सांगायचं. वासंतीबाई दुसरीतून शाळा सोडलेल्या. अक्षरांशी त्यांचं कधी फार जमलं नाही, पण चित्रांवर नजर पक्की. हात बसेपर्यंत त्यांनी सुनेला उठू दिलं नाही.

सगळं झालं. दाबणाऱ्याने दाबलं तर ना.

दुसऱ्या दिवशी वासंतीबाईंनी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. मुंडावळ्या बांधलेली, मान खाली आणि डोळे वर अशी नवरी. “हा लाव. ह्याच चेहऱ्याला बघून हो म्हणाले होते.”

ऋचाने तो विजेटवर लावून दिला. दिगंबररावांनी फोटो आवडीने पाहिला. अगदी जवळ धरून पाहिला.

“छान आहे मुलगी. आपल्या सौमित्रसाठी आलंय का स्थळ?”

“बाबा, मी आत जाऊ का?” सौमित्रची बायको म्हणाली.

“नको,” वासंतीबाई म्हणाल्या. “मुलीकडच्यांनीच नकार दिलाय.”

त्यांनी मोबाइल दिगंबररावांच्या खिशात घातला आणि त्या आत गेल्या. त्या फोटोतल्या मुलीला बघायला एके काळी अख्खी आळी ओट्यावर यायची. ती आता नवऱ्याला सुनेच्या जागी दिसत होती.

आणि गुरुवारी त्या मेथी निवडत असताना दिगंबरराव पुन्हा दाराबाहेर गेले.

बिबवेवाडीतला एकेक बसस्टॉप झाला, देवळं झाली, मार्केट यार्डाची गेटं झाली. सौमित्र गाडी घेऊन फिरत होता. वासंतीबाई दारात उभ्या होत्या. दुपार कलली आणि हातातला मोबाइल वाजला. पडद्यावर दिगंबररावांचा चेहरा.

दाबलं म्हणजे. ओळखलं.

“अहो, कुठे आहात?”

“आजी, म्या भैरू बोलतोय, कात्रजवरनं. सोसायटीचा वॉचमन हाय. हितं एक बाबा जिन्यात बसल्याती. त्येंच्या फोनवर नवरीचा फोटो हुता, म्हून म्या दाबला.”

“तुम्ही दाबलात?”

“व्हय. बाबांनी लई येळ बघितलं. अक्का कुठाय, अक्का कुठाय, म्हणत हुते. मग म्हनले, ह्यात अक्का न्हाई, आन् फोन माझ्याच हातात दिला.”

“तिथंच बसवून ठेवा त्यांना. मुलगा येतोय,” वासंतीबाई म्हणाल्या.

अक्का म्हणजे शैलाअक्का, दिगंबररावांची थोरली बहीण. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं. कात्रजला त्याच जिन्यावरच्या खोलीत ती राहायची. ती जाऊनही आता काही वर्षं झाली होती. वासंतीबाईंच्या त्या वन्सं. नव्या नवरीचा पहिला आमटीभात खाऊन, “रूप दिलंय देवाने, चव द्यायची राहिली,” असं म्हणाल्या, तिथून दोघींचं जे बिनसलं ते शेवटपर्यंत. वन्संचा फोटो ह्या घराच्या भिंतीवर कधी लागला नाही. वासंतीबाईंनी लागू दिला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी स्वतःच ट्रंकेतून तो फोटो काढला आणि ऋचासमोर धरला.

“मोबाइलवर घे. माझ्या नंबरावर हा लाव.”

“शैलाआत्यांचा?” ऋचा बघतच राहिली. “आई, पण मग बाबा आत्या समजून बोलणार. तुम्ही काय करणार?”

“ते माझं मी बघेन. तू तुझ्या मीटिंगा बघ.”

ऋचाने काही वेळ खटपट केली. “मागच्यासारखंच, पडद्यावरचा आपोआप बदलत नाहीये. जुनं विजेट काढून परत लावावं लागेल. मी करते.”

“आण इकडे.”

वासंतीबाईंनी नवरीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं. वरच्या बाजूला कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं. नवरीला ओढत तिथवर नेलं आणि सोडलं. मग रिकाम्या जागेवर पुन्हा बोट धरलं, यादी काढली, फोनचं चित्र ओढून आणलं. मधोमध वन्सं येऊन बसल्या. तसाच बारीक अंबाडा, तशीच पारखी नजर.

“बसा,” वासंतीबाई हळूच म्हणाल्या. “जिंकलात.”

मोबाइल दिगंबररावांसमोर ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. दाराआडून बघत होत्या. दिगंबररावांची नजर पडद्यावर गेली, आणि कितीतरी दिवसांत न दिसलेलं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. कुणी सांगायच्या आत त्यांनी बोट ठेवलं.

वासंतीबाईंच्या हातातला फोन वाजला.

“अक्का?” आवाज फोनमधून आला आणि बाहेरच्या खोलीतूनही आला. “अक्का, बोल ना गं. रागावलीस का?”

नवऱ्याचं नाव वासंतीबाईंनी लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. रेशन ऑफिसात बाबूने विचारलं तेव्हासुद्धा त्यांनी लहानग्या सौमित्रला पुढे केलं होतं. आणि अरे-तुरे तर स्वप्नातही नाही.

“नाही रे,” त्या म्हणाल्या. “बोल, दिगू.”

“मी आलो होतो तुझ्याकडे. तू नव्हतीस.”

“तिकडे नसते मी आता. यायचं नाही. काही लागलं, वाट चुकली, की ह्या फोटोवर बोट ठेवायचं. मी आहे.”

“बरं.” मग ते हळू आवाजात म्हणाले, “इथे एक बाई असतात, अक्का. स्वयंपाकाला हात चांगला आहे. पण टोचून फार बोलतात.”

“बोलू दे. तिचं ऐकायचं. तिला सोडून कुठे जायचं नाही.”

“बरं.”

वासंतीबाईंनी फोन बंद केला. पदराने तोंड पुसलं, कपात चहा गाळला आणि बाहेर आल्या.

दिगंबररावांनी कॉटवरचा पेपर उचलून बाजूला जागा केली. “बसा ना आपण. अक्काचा फोन आला होता.”

“हो का? बऱ्या आहेत ना वन्सं?”

“बरी आहे. तुमचं ऐक म्हणाली.”

“मग ऐकणार का?”

“अक्काने सांगितल्यावर ऐकायलाच हवं.”

वासंतीबाईंनी कप त्यांच्या हातात दिला. मग आपल्याच कॉटच्या कडेला, त्यांनी दिलेल्या जागेवर, पदर सावरून त्या बसल्या. परक्याच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर बसतात तशा.