कुत्रीनं काढलेला निकाल

तिसऱ्यांदा मतमोजणी झाली तरी आकडा जागचा हलेना. लेनोर टोस्ट्रुड एकशे त्रेचाळीस, गस पेल्की एकशे त्रेचाळीस.

लेनोर तडक घरी आली. नवरा ऑर्विल स्वयंपाकघरात मासे साफ करत होता.

"ऑर्विल, तू मत कुणाला दिलंस?"

"अगं, तू तर जिंकणारच होतीस."

"मी ते विचारलं नाही."

"मासे असे लागत होते ना, काय सांगू! सकाळी म्हटलं दुपारी जाऊ, दुपारी म्हटलं अजून एक गळ टाकू..."

"म्हणजे दिलंच नाहीस."

"मनातून तुलाच दिलं गं."

लेनोरनं कोट काढून खुंटीला अडकवला. स्टर्जन फोर्क गावात ती एकटी वकील. मृत्युपत्रं, कुंपणाची भांडणं, घटस्फोट, सगळं तिच्याकडेच. चौदा वर्षं ती ग्रामसमितीत होती आणि त्या चौदाही वर्षांत तिला एकच गोष्ट हवी होती, टेबलाच्या मधोमध असलेली अध्यक्षाची खुर्ची. याआधी ती गसकडून दोनदा हरली, पहिल्यांदा एकोणीस मतांनी, मग सहा मतांनी. आता बरोबरी. म्हणजे प्रगती होती, पण वय एकसष्ट होतं आणि ही शेवटची खेप, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

गस पेल्कीचं तळ्याकाठी गळाच्या आमिषाचं दुकान होतं. गांडुळं विकता विकता तो आठ वर्षं अध्यक्ष राहिला होता. त्याच्याबद्दल कुणाची तक्रार नसायची, कारण त्यानं कधी काही केलंच नव्हतं.

बरोबरी झाली की चिठ्ठी टाकायची, असा कायदा. चिठ्ठी कशात टाकायची, यावर मात्र कायदा गप्प होता. त्यामुळे शनिवारी सकाळी समितीच्या सभागृहात, आगीच्या बंबाशेजारी, पाऊण तास टोपीवरून वाद झाला. एक टोपी गसच्या मेव्हण्याची निघाली. दुसरी लेनोरच्या अशिलाची. तिसरीचा मालक निःपक्षपाती होता, पण टोपी इतकी मळकी होती की तिच्यात कुणी हात घालायला तयार होईना. शेवटी गावाची कारकून विल्मा क्रँट्झ मागच्या स्वयंपाकघरातून काचेचा वाडगा घेऊन आली. आदल्या दिवशीच्या मेजवानीत त्यात सॉसेज होते. विल्मानं तो कागदी रुमालानं पुसला, म्हणजे पुसल्यासारखं केलं.

"जी चिठ्ठी पहिली बाहेर येईल, ती जिंकली," तिनं जाहीर केलं. "काय गस? काय लेनोर? चालेल ना?"

दोघांनी माना डोलावल्या.

शहरातल्या वाहिनीची गाडी आली होती. गावात टीव्हीवाले यायची ही दुसरी वेळ; पहिल्यांदा आले ते दुधाचा टँकर उलटला तेव्हा. कर्स्टन नावाची बातमीदार माईक धरून उभी होती. वाहिनीचा कायदेतज्ज्ञ राज्याच्या राजधानीतून पडद्यावर जोडला होता. सगळं थेट प्रक्षेपण.

विल्मानं दोन चिठ्ठ्या वाडग्यात टाकल्या, वाडगा खुर्चीवर ठेवला आणि चष्मा शोधायला पर्स उघडली. तेवढ्यात गसची कुत्री डचेस टेबलाखालून निघाली. लठ्ठ, म्हातारी, बारा वर्षांत कधी घाई न केलेली. तिनं वाडग्यात तोंड घातलं, एक चिठ्ठी उचलली, दोनदा चावली आणि गिळून टाकली. मग वाडगा चाटला.

विल्माचा हात अजून पर्समध्येच होता.

"सोड! डचेस, सोड!" गस ओरडला. सोडायला आता तिच्याकडे काही उरलंच नव्हतं.

विल्मानं चष्मा लावला, उरलेली ओली चिठ्ठी उलगडली. "पेल्की," तिनं वाचलं. मग हिशेब जुळवून म्हणाली, "म्हणजे खाल्ली ती टोस्ट्रुड. पहिली बाहेर आलेली ती. अभिनंदन, लेनोर."

"बाहेर कुठे आली? आत गेली!" गस म्हणाला.

"वाडग्याच्या बाहेर आली. कुणी काढायची, ते मी बोलले नव्हते."

"माझीच कुत्री आणि मलाच पाडते?"

"खायला जरा बरं घालत जा तिला," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळं सभागृह हसलं.

लेनोर हसली नाही. तिचे पाय हलके झाले होते. गावानं मान्य केलं होतं, कारकुनानं जाहीर केलं होतं, गसची कुरकुरही फार नव्हती. मधली खुर्ची सहा पावलांवर होती. तिनं दोन पावलं टाकलीसुद्धा.

"आता आपले कायदेतज्ज्ञ सांगतील, हा निकाल ग्राह्य आहे का," कर्स्टन कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली. पडद्यावरच्या तज्ज्ञानं "एका अर्थी" म्हणायला तोंड उघडलं आणि चित्र तसंच गोठलं. दहा सेकंद झाली, वीस झाली, तोंड उघडंच. कर्स्टनच्या कानात कुणीतरी ओरडत असावं. तिनं घाईघाईनं आजूबाजूला पाहिलं.

"इथे कुणी वकील आहे का?"

सगळ्या गावानं लेनोरकडे बोट दाखवलं. त्यात गसही होता.

माईक तिच्या हनुवटीखाली आला. "मॅडम, तुम्ही सांगा. कायद्यानं हा निकाल धरला जाईल?"

लेनोरनं खुर्चीकडे पाहिलं. "विचार करावा लागेल," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण इतक्या वर्षांच्या वकिलीत तिनं कुणा अशिलाला खोटा सल्ला दिला नव्हता, आणि आता अशील स्वतःच होती म्हणून...

"लेनोर, गप्प बस गं!" मागून ऑर्विल ओरडला. तेही थेट प्रक्षेपणात गेलं.

"धरला जाणार नाही," लेनोर म्हणाली. "चिठ्ठी मतमोजणी मंडळानं काढायची असते. मंडळात विल्मा धरून तीन माणसं आहेत. डचेस त्यांत नाही. शिवाय जी चिठ्ठी कुणी वाचलीच नाही, तिच्यावर काय होतं हे आपण फक्त अंदाजानं सांगतोय. नव्या चिठ्ठ्या लिहा. कुत्री बाहेर बांधा."

"पण मॅडम, तुम्हीच तर जिंकला होतात!"

"हो," लेनोर म्हणाली. "दीड मिनिट."

नव्या चिठ्ठ्या झाल्या, या वेळी कॉफीच्या डब्यात. विल्मानं हात घातला, एक काढली, वाचली. पेल्की.

गसनं लेनोरला मिठी मारली. "वकीलबाई, तुमच्या जागी मी असतो ना, तर कुत्रीला मंडळावर नेमून मोकळा झालो असतो."

"माहीत आहे मला," लेनोर म्हणाली.

घरी जाताना गाडीत ऑर्विल म्हणाला, "मी एक मत दिलं असतं, तर हे काहीच झालं नसतं ना?"

"नसतं."

"रागावलीयेस?"

"रविवारी ठरवते."

सोमवारी वाहिनीच्या संपादकाचा फोन आला. "बाई, स्वतःच्या विरोधात निकाल दिलात, तोही सात वाक्यांत. आमचा तज्ज्ञ सात वाक्यांत नमस्कारसुद्धा करत नाही. याल का आमच्याकडे?"

"मला टीव्हीवर यायचं नव्हतं," लेनोर म्हणाली. "मला अध्यक्ष व्हायचं होतं."

"ते आमच्या हातात नाही. कायदा समजावायचं आणि प्रश्न विचारायचं काम आहे."

तिनं दोन दिवस मागून घेतले आणि तिसऱ्या दिवशी समितीतली जागा सोडून हो म्हटलं. पहिले सहा आठवडे तिनं दुसऱ्या गावांतले खटले समजावून सांगितले. तोंडाला पावडर लावून घ्यायची सवय काही झाली नाही, बाकी जमलं.

सातव्या आठवड्यात स्टर्जन फोर्कची तक्रार आली. पाण्याच्या नव्या टाकीचा निर्णय समितीनं गसच्या दुकानात बसून घेतला होता, आणि कायद्यानं सभा लोकांना खुली हवी. लेनोर कॅमेरा घेऊन दुकानात गेली. गस गल्ल्यामागे उभा होता.

"या वकीलबाई! कॅमेरा कशाला? तुम्ही तर घरच्याच."

"गस, त्या सभेला दुकानाचं दार उघडं होतं का?"

समितीच्या टेबलाच्या टोकाला बसून तिनं असे प्रश्न वर्षानुवर्षं विचारले होते, आणि दर वेळी मधल्या खुर्चीवरून गस "पुढचा विषय" म्हणाला होता. आताही त्याचं तोंड तसं उघडलं. मग त्याची नजर कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे गेली.

"बंद होतं," तो म्हणाला. "गांडुळांना गार वारा सोसत नाही."

"कुलूप होतं?"

गसनं मान खाजवली. "होतं."

लेनोरनं वहीत लिहून घेतलं आणि पान उलटलं. "बरं, आता टाकीचं सांग."