तंग नाही, जोतं

घोडी न्यायला तिवस्याहून नितेश आला. वरातीच्या घोड्या पाळणं हाच त्याचाही धंदा. माझे गुडघे गेले आणि दिवाळीच्या आधी माझी बायको मनकर्णा गेली. एकट्यानं घोडीचं होईना. ती चांगल्या हाती पडावी, एवढंच मला पाहिजे होतं.

नितेश म्हणाला, "काका, खोगीर मीच कसून पायतो. माह्या हाती उभी रायली तर नेतो."

त्यानं खोगीर ठेवलं आणि पोटाखालून तंगाचा पट्टा ओढला. घोडीनं पोट फुगवून धरलं. ही तिची जुनी खोड. तसाच तंग बांधला तर पुढे ती श्वास सोडते, पट्टा सैल पडतो आणि खोगीर नवरदेवासकट एका अंगाला फिरतं. नितेशनं तिला अंगणात फिरवून पुन्हा ओढलं. पोट तसंच.

"लय नाटकी हाय हे, काका. भर वरातीत नवरदेव पाडन. मले नाई जमत."

हे काम मनकर्णाचं होतं. ती रिद्धपूरकडच्या शेतकऱ्याची पोर. तिच्या तोंडात बैलांचे शब्द. खोगिराला ती झूल म्हणायची, लगामाला कासरा. बैलाच्या गळ्याखालून बांधतात ते जोतं, म्हणून तंगालाही जोतंच.

मी चिडवायचो, "अवं, घोडी हाय थे, बैल नाई. तंग म्हन."

"तिले समजते. तुमालेच समजून नाई रायलं."

मग पोटावरून हात फिरवत ती म्हणायची, "जोतं घेऊन घे वं माय." घोडी श्वास सोडायची.

नितेश खोगीर उतरवायला लागला.

"थांब," मी म्हणालो. घोडीच्या पोटावर हात ठेवला. "जोतं घेऊन घे वं माय."

घोडीनं कान टवकारले आणि घराच्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पोट खाली गेलं. नितेशनं पट्टा झटकन ओढून बांधला.

"काय म्हनलं तुमी? मले शिकवा."

मी शिकवलं. तो घोडीला धरून घोकत गाडीपर्यंत गेला, "झूल, कासरा... तंग घेऊन घे वं माय."

"तंग नाई रे. जोतं."

घोडीला घेऊन गाडी आमच्या राजापेठच्या गर्दीत शिरली. मनकर्णासमोर तो शब्द मी एकदाही तोंडातून काढला नव्हता.