नाव ईश्वरचं

नागपूरकडच्या शहापूरच्या बेबीबाईनं लग्नाच्या बावीस वर्षांत नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आता नवऱ्याचं नावच ईश्वर, त्यामुळे भजनात तो शब्द आला की बाई तेवढ्यापुरती गप्प राहून नुसते टाळ वाजवायची. ईश्वरला या गोष्टीचा भारी अभिमान.

यंदा धानाचा रोवणा आटोपला आणि बेबीबाईची झोप उडाली. शेजारीण पाण्यात काहीतरी कालवते म्हणत ती भरलेल्या घागरी ओतून देऊ लागली. मग एका सकाळी अंगणात उभी राहून तिनं खणखणीत हाक मारली, "ईश्वर! ए ईश्वर!"

बायांनी हात जोडले. "बेबीच्या अंगात आलं वो माय!" दुपारपर्यंत ओसरीवर नारळांचा ढीग लागला. भजन मंडळाचे तुलाराम म्हणाले, "नशीबवान हायेस गड्या. आमच्या घरची नावं ठेवते, तुह्या घरची देवाचं नाव घेऊन राहिली."

"देवाचं नाही जी, माहं!" ईश्वर रडकुंडीला येऊन म्हणाला. मंडळी पोट धरून हसली. एवढा मोठेपणा घेणारा माणूस गावानं पाहिला नव्हता.

ईश्वर मात्र घाबरला होता. आपलं नाव घेणारी ही बाई आपली बेबी नव्हेच, एवढं त्याला पक्कं कळत होतं. चौथ्या दिवशी ती तोंडात काही नसताना चघळत बसली, तेव्हा नारळ तसेच टाकून त्यानं तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

"काय काय बदललं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झोप गेली. संशय घेऊन राहिली. आन् मॅडम, तिनं माहं नाव घेतलं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून आलं तेव्हा म्हणाल्या, "हे वेड नाही. मेंदूला सूज आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच मेंदूवर उलटली आहे. लवकर आणलंत, बरं झालं."

पाच आठवडे औषधं चालली. बेबीबाई कधी नुसती छताकडे बघायची, कधी ईश्वरलाही ओळखायची नाही. एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी रोजचे प्रश्न विचारले.

"गाव?"

"शहापूर."

"मुलगी?"

"मोना."

"नवऱ्याचं नाव?"

बेबीबाई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. ईश्वर खाटेची दांडी धरून उभा होता.

बेबीबाईनं हळूच चादर डोक्यावर ओढून घेतली. "अवो मोनाचे बाबा," ती लाजून म्हणाली, "तुमीच सांगा ना या मॅडमले."

ईश्वर सांगायला गेला. पण त्याला असं काही रडू फुटलं की स्वतःचं नाव काही केल्या तोंडातून निघेना.